शेपटीचा हात

१

मी पाच जणांना सांगितलं. पाचही जणांनी ऐकून घेतलं आणि एकानंही विश्वास ठेवला नाही. नवरा म्हणाला, तुला ताप आहे. उत्तमराव म्हणाला, तुझं वय झालं. त्याच्या बायकोनं, पार्बतानं, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, जसं काही मी शेंबडी पोर आहे. पोलीस पाटील शेषराव यानं तोंडावर हात न ठेवता जांभई दिली. पाचवी माझी पोटची पोरगी, सुभद्रा. ती हसली. तिचं हसणं मी माफ केलं. बाकी चौघांचं केलेलं नाही आणि करणारही नाही.

आमचं डांगरबेट पूर्णेच्या पात्रात आहे, अकोटच्या खालच्या अंगाला. नऊ घरं, सगळी माळ्यांची. उन्हाळ्यात वाळूत डांगरं, टरबुजं. पावसाळ्यात वरच्या गाळावर वांगी, दोडके, कारली, सांबार म्हणजे कोथिंबीर, झेंडू. काठावरच्या गावांतल्या विहिरींचं पाणी खारं, आमच्या एकुलत्या एका विहिरीचं गोड. त्याचा आम्हाला फार तोरा. एका घरची चूल विझली तर दुसरीकडून इंगळ येतो. एक बाळंतीण झाली तर नऊ घरांतून तूप येतं. अकोटच्या बाजारात आमची माणसं छाती फुगवून सांगत, "आमच्या बेटावर कोणी कोणाले सोडत नाई."

हे वाक्य आता कोणी माझ्यासमोर बोलून दाखवावं.

पूर असला की कोणी बेट सोडत नाही. पूर उतरला, पाणी कमरेपासून छातीपर्यंत आलं की बाजाराच्या दिवशी आम्ही उतारावरून साखळी करून पलीकडे जातो. घरटी एक माणूस, नाहीतर दोन. सगळ्यांत पुढं उत्तमराव, हातात काठी. त्याला मोहरक्या म्हणायचं. बाकीचे त्याच्या मागं, मनगटाला मनगट. पंजा धरायचा नाही, पंजा घसरतो. चार बोटं आतून, अंगठा वरून, आणि समोरच्यानंही आपलं मनगट तसंच धरायचं. म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीला हात नाही. लहानपणापासूनची सवय.

शेवटच्या माणसाला शेपटी म्हणतात. शेपटीच्या डोक्यावर ओझं नसतं, तिचा माल बाकीचे वाटून घेतात. शेपटीच्या पुढं कायम मोहरक्याच्या घरचं माणूस असतं. धोक्याच्या जागी आधी आपलं माणूस ठेवायचं, असा त्याचा मान. आणि पाण्यात कोणीही मागं वळून पाहायचं नाही. वळलं की पायाखालची वाळू सरकते, एकाबरोबर सगळे जातात. म्हणून उत्तमराव न वळता ओरडतो, "शेपटी?" आणि शेपटीनं म्हणायचं, "हाव!"

त्या पावसाळ्यात, म्हणजे छत्तीस साली, शेपटी मी होते. दुसरं कोणी तयारच नव्हतं.

२

आषाढातली पहिली साखळी. ऊन पडलेलं, पाणी कमरेच्या वर, गढूळ. अर्ध्यात आल्यावर उत्तमरावानं हाळी दिली, मी ओ दिली. पलीकडच्या काठावर चढलो, लुगडी पिळायला लागलो, तर तो माझ्याकडं बघत म्हणाला, "माणिकबाई, एकदा हाव म्हटलं का पुरे. दोनदा कावून वरडतं? आमी काय बहिरे आहो?"

"मी एकदाच म्हटलं, उत्तमभाऊ."

"मंग दुसऱ्यांदा तुहा नवरा बोल्ला का खाटेवरून?"

सगळे हसले. माझ्या नवऱ्याला दमा आहे, त्याची हाळी अंगणातही ऐकू जात नाही. मीही हसले. नदीवर आवाज घुमतो, दरड उंच आहे, हे मला ठाऊक आहे. मी काही भोळी नाही.

पण पुढच्या बाजारी मी मुद्दाम बारीक आवाजात ओ दिली. माझ्याच कानाला जेमतेम आली. दुसरी "हाव" त्याच्यापेक्षा मोठी होती, आणि ती दरडीकडून आली नाही. ती माझ्या पाठीमागून, खांद्याच्या उंचीवरून आली.

पार्बता माझ्या पुढं होती. तिनंही ऐकलं असणार. तिची मान ताठ झाली आणि डोक्यावरची टोपली हलली. काठावर मी विचारलं, "पार्बता, ऐकलं का व?"

"काय?"

"मागून."

"मागं तर तूच होती," ती म्हणाली आणि टोपली घेऊन चालायला लागली.

३

आता मागच्या वर्षीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझा राग कोणाला समजायचा नाही.

भादव्यात महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशीचा बाजार. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या लागतात, म्हणजे आमचा वर्षातला सगळ्यांत मोठा बाजार. पाणी अजून एक दिवस उतरू द्यायला हवं होतं. उत्तमराव म्हणाला, चला. आम्ही चाललो.

तेव्हा शेपटी होती वच्छला. उत्तमरावाची सून, गोवर्धनची बायको. लग्न होऊन वर्ष झालेलं. नवी सून म्हणून तिला बिनओझ्याची जागा दिलेली, आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलेलं. परतवाड्याकडची पोरगी, डोंगराच्या पायथ्याची. एवढी मोठी नदी तिनं लग्नानंतरच पाहिली. मनगट कसं धरायचं ते मीच तिला माझ्या ओट्यावर बसून शिकवलं होतं. तिच्या पुढं तिची सासू पार्बता, पार्बताच्या पुढं मी.

काठ दहा-पंधरा पावलांवर असेल. पाणी अजून कमरेला होतं. पार्बतानं हिसका देऊन माझ्या मुठीतून आपलं मनगट सोडवलं. मला वाटलं, काठ आला म्हणून सोडलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "आत्याबाई!" एकदाच.

कोणी वळलं नाही. नियम आहे ना.

मी काठावर पाय ठेवला आणि मग वळले. पार्बता पाण्यातून वर येत होती. डोक्यावर झेंडूची टोपली होती आणि ती तिनं दोन्ही हातांनी धरलेली होती. दोन्ही. तिच्या मागं नुसती नदी.

"तिनंच हात सोडला व माय," पार्बता रडत म्हणाली. "नवी पोरगी. भेली अन् सोडला."

सगळे म्हणाले, हो, भ्याली असेल. पोलीस पाटलानं तसंच लिहून घेतलं. वच्छला सापडली नाही. बाजार चुकला नाही. झेंडू विकला गेला.

आणि ते दोन हात पाहिलेली मी एकटी. मी काय केलं? मी लुगडं पिळलं. नऊ घरांचं बेट, एक विहीर, रोज तोंडाला तोंड. गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आज सगळ्यांत जास्त राग येतो.

४

श्रावणातल्या दुसऱ्या बाजारी माझ्या डाव्या हाताला काहीतरी लागलं.

उजव्या हातानं मी पार्बताचं मनगट धरलेलं. पार्बताची पकड कायम ढिली. धरते ती मीच, ती नुसता हात देते. माझा डावा हात मोकळा, मागं पाण्यात सोडलेला. तळव्यात काहीतरी गुळगुळीत आलं. शेवाळ, मी मनाशी म्हटलं. वेल असेल, पुरात काय काय वाहत येतं. मग ते तळव्यातून वर सरकलं आणि माझ्या मनगटावर बसलं. चार बोटं आतून, अंगठा वरून.

बेटाबाहेरच्या माणसाला ही पकड येत नाही.

मी वळले नाही. वळायचं नसतं म्हणून नाही, तर मान वळेचना. मी सरळ पार्बताच्या पाठीकडं, तिच्या चोळीच्या गाठीकडं बघत चालत राहिले. उत्तमरावानं हाळी दिली तेव्हा माझं तोंड उघडलंच नाही. तरी "हाव" ऐकू आली आणि साखळी पुढं सरकली. पाणी गुडघ्याला आलं तशी पकड गेली. काठावरून पाहिलं. मागं ऊन, पाणी, आणि पलीकडं आमच्या बेटावरची निंबाची झाडं.

त्या दिवसापासून माझा डावा तळवा वाळेना. घाम म्हणावा तर उजवा कोरडा. भाकरीचं पीठ मळायला घेतलं की डाव्या बाजूनं त्याचा चिखल व्हायचा. भाकर थापताना फाटायची. भर दुपारी दार लावून मी चुलीपुढं बसायचे, हात राखेत खुपसायचे, फडक्यानं पुसायचे, आणि बघता बघता रेषांमधून पाणी वर यायचं.

नवरा ताटावरून म्हणाला, "अवं, भाकरीले गाळाचा वास येऊन राहिला."

"माह्या हाताले येऊन राहिला," मी म्हटलं आणि त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला. म्हणाला, ताप आहे.

तिसऱ्या खेपेला मला माझाच राग आला. म्हटलं, कोण आहे ते तरी कळू दे. मनगटावर पकड बसली तशी मीही बोटं मिटली, पकडीला पकड. बारीक मनगट. त्यावर काचेच्या बांगड्या. पाण्यात त्यांचा आवाज नव्हता, पण बोटांना त्यांचा गोल लागला. माझी बोटं मिटली तशी ती पकड थरथरली आणि घट्ट झाली, पोर अंधारात आईला धरतं तशी.

आणि मी हात सोडला. मीसुद्धा.

५

पार्बताकडं गेले तेव्हा ती पडवीत भिंतीला पाठ लावून गवारीच्या शेंगा मोडत होती. हल्ली ती कायम भिंतीला पाठ लावून बसायची. आत गोवर्धनच्या दुसऱ्या सोयरिकीची बोलणी चाललेली, पाव्हण्यांच्या चहाच्या कपबशांचा आवाज येत होता. मी हळू बोलले, पण सगळं बोलले. बांगड्यांपर्यंत.

शेंगा मोडणं थांबलं नाही. कट, कट, कट.

"तू मले सांगून काय करतं?" ती म्हणाली.

"मागच्या साली टोपली दोन्ही हातांनं धरली होती तुनं. मी पायलं."

कट आवाज थांबला. मग ती उठली, डब्यातून गुळाचा खडा काढला आणि माझ्या ओल्या तळव्यावर ठेवला. "पाव्हणे आले आहेत, माणिक. तोंड गोड कर अन् घरी जाय." तिचा हात माझ्या तळव्याला लागला तसा तिनं तो झटकन लुगड्याला पुसला. पुसतच राहिली.

उत्तमरावालाही मी सांगितलं होतं; तिनं त्याला वर काय सांगितलं ते मला माहीत नाही. महालक्ष्म्यांच्या बाजाराला दोन दिवस होते. तो आमच्या अंगणात आला, बसलाही नाही.

"माणिकबाई, तुहं वय झालं. या बाजारी तू पाण्यात येऊ नको. तुह्या गोष्टीनं बायायचे पाय कापून राहिले. तुह्या घरून सुभद्रा उभी राहील, शेपटीले."

"माही पोट्टी नाई येणार."

"मंग तुह्या टोपल्याही नाई येणार. घरचं माणूस साखळीत नाई तर घरचा माल साखळीत नाई. मी केलेला कायदा नाई तो, बेटाचा आहे."

"वच्छलाले पण बेटाच्याच कायद्यानं उभी केलती, उत्तमभाऊ."

त्याचं तोंड काळं पडलं. "तिनं स्वतः हात सोडला. दहा जणांनी सांगितलं."

"दहा जणांनी पाठ दाखवली. पायलं मी एकटीनं."

"तवा कावून नाई बोल्ली?"

एवढं विचारून तो गेला. मी उतारावर जाऊन पलीकडच्या गावच्या पोलीस पाटलाला हाका मारल्या, तो काठावर आला, पाण्यापलीकडून त्यानं ऐकून घेतलं. सांगितलं ना, जांभई दिली.

तो बाजार बुडाला तर वर्षभर खायचं काय, म्हणून पोरीला पाठवणं भाग होतं. सुभद्रा सोळा वर्षांची. तिनं वेणी बांधता बांधता ऐकलं आणि हसली. "आई, वहिनी असली तर मले काय करन? तिनंच तर मले फुलांचा गजरा शिकवला." बेटावर ती एकाच बाईला वहिनी म्हणायची.

"मी मागच्याले नाई भेत," मी म्हटलं. "मी पुढच्याले भेतो. पार्बता हात धरत नाई, नुसता देते. तू धर. नखं रुतली तरी धर. थे टोपलीले हात लावन तर वरड, जीव खाऊन वरड."

"हाव," ती म्हणाली.

मला तो शब्द तिच्या तोंडून नको होता.

६

मी दोन वर्षं झाली ना झाली साखळीत शेवटाकडं उभी होते, त्याआधी मधे. साखळी बाहेरून कशी दिसते हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या सकाळी दरडीवर उभी राहून पाहिलं. दोन बायांनी मला धरून ठेवलं होतं, शेजारधर्म म्हणून.

अकरा माणसं पाण्यात उतरली. टोपल्या ओळीनं हलत होत्या. हिरव्या, पिवळ्या, पिवळ्या, हिरव्या. माणसामाणसांत एकेका हाताचं अंतर, सगळीकडं सारखं. शेवटाला पार्बता, डोक्यावर झेंडू, आणि मग माझी सुभद्रा, मोकळ्या डोक्याची.

मध्यावर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, तिथं अंतर जास्त आहे.

पार्बताचा हात मागं ताणलेला होता. सुभद्राचा पुढं ताणलेला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि दोघींच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा. त्या जागी कोणी नव्हतं. ऊन माझ्या डोळ्यांवर येत होतं, पाणी चमकत होतं, हे मी कबूल करते. पण पुराच्या पाण्यात रोवलेल्या खांबाभोवती पाणी कसं फुटतं ते नदीवर जन्मलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. त्या रिकाम्या जागेभोवती पाणी तसं फुटत होतं.

"शेपटी?" उत्तमरावाची हाळी आली.

"हाव!" सुभद्राचा पातळ आवाज.

मग दुसरी. पार्बताच्या अगदी पाठीशी. दरडीवर मला धरणाऱ्या दोघींनीही ऐकली, कारण दोघींचे हात माझ्या दंडावरून गळाले.

पार्बता वळली. पाण्यात, भर मध्यावर, ती वळली. तिला काय दिसलं ते तिलाच ठाऊक. मला तिचा चेहरा दिसला. चार पाव्हण्यांसमोर कोणी घरातली गोष्ट विचारावी आणि उत्तर सुचू नये, तसा तो चेहरा होता. टोपली कलंडली. तिचे दोन्ही हात टोपलीकडं उठले. उजवा पोचला. डावा पाण्याच्या वर मनगटापर्यंत आला आणि तिथंच अडकला.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. पोरीचं नाव असेल.

टोपली पडली, झेंडू पसरला. पार्बता वाहून गेली नाही. मी नीट पाहिलं. पाण्यात सापडलेला माणूस हातपाय मारतो, खालच्या अंगाला जातो. ती जागच्या जागी खाली गेली. भाजी निवडायला बसावं तशी बसली. पाणी तिच्या डोक्यावरून मिटलं.

पुढच्या नवांपैकी एकानंही मान वळवली नाही. साखळी तशीच पलीकडच्या काठाला लागली.

सुभद्रा मात्र परत फिरली होती. एकटी, छातीभर पाण्यातून, बेटाकडं, माझ्याकडं. जिथं एकट्या माणसाचे पाय टिकत नाहीत, तिथून ती चालत आली, सावकाश. उजवा हात पुढं ताणलेला, मूठ मिटलेली. गुडघाभर पाण्यात आल्यावर मूठ उघडली आणि ती वाळूत बसली.

मी तिला पोटाशी धरलं. अंग गरम होतं, श्वास चालू होता. माझा डावा तळवा तिच्या पाठीवर होता आणि तो कोरडा होता.

"कोणं आणलं तुले?"

"वहिनीनं," ती म्हणाली. जसं काही विचारायची गोष्टच नव्हती.

७

महिनाभर मी सांगत होते तेव्हा मी तापलेली, म्हातारी, येडी. पोरीचा एक शब्द त्या दोन बायांनी ऐकला आणि संध्याकाळच्या आत नऊही घरांनी विश्वास ठेवला. पूर्ण विश्वास. माझ्याहून जास्त.

तिसऱ्या दिवशी निंबाखाली सगळे बसले. पार्बता सापडली नव्हती. पोलीस पाटील शेषराव आला होता, या खेपेला जांभई न देता. गोवर्धन गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मी मधे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मागच्या वर्षीचा हिसका, दोन्ही हातांत धरलेली टोपली, या वर्षीची ढिली पकड, आणि टोपलीकडं पुन्हा उठलेले दोन हात. माझं गप्प बसणंही सांगितलं.

"पोट्टी जिती आहे माही," मी म्हटलं. "जिनं तिचा हात धरला तिच्यामुळं आहे. जिनं सोडला तिच्यामुळं नाई. एवढं तरी पाहा."

मग उत्तमरावानं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, "खाल्ली तिनं माह्या घरवालीले. जिती होती तवा घर नाई धरलं. मेल्यावरही नाई सोडलं."

आणि माना हलायला लागल्या. एक, मग दुसरी, मग सगळ्या. बायांनी पदर तोंडाला लावले. कोणी म्हणालं, पहिल्यापासूनच तिची नजर बरी नव्हती. कोणी म्हणालं, परतवाड्याकडच्या पोरीच तशा. मागच्या वर्षी माझ्या ओट्यावर बसून तिच्या हातचा गजरा घालून गेलेली बाई हे म्हणाली. आता उतारावर लिंबू टाकायचे, खिळा ठोकायचा, तिचं नाव घेऊन थुंकायचं, असं तिथल्या तिथं ठरलं. नऊ घरं एका मिनिटात एक झाली. एवढी एकी मी बेटावर कधी पाहिली नव्हती.

मी शेषरावाला म्हटलं, "पाटील, मले एकच गोष्ट विचारू द्या यायले. हात कोणं सोडला?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. मी एकेकापुढं जाऊन उभी राहिले, डोळ्यांत बघून विचारलं. साखळीतल्या नवांना विचारलं, दरडीवरच्या दोघींना विचारलं, माझ्या नवऱ्यालाही विचारलं. शेवटी गोवर्धनपुढं उभी राहिले. त्यानं गुडघ्यांतून डोकं वर काढलं, बापाकडं पाहिलं, आणि बाकी सगळ्यांनी घेतलं होतं तेच नाव घेतलं.

वच्छला.